मी बरा केलेला हात

"दिवाळी अंकासाठी तुमच्या कामातल्या दोन-तीन यशोगाथा द्या, वाचकांना उभारी येईल अशा," असं संपादक फोनवर म्हणाले. उभारीच हवी असेल तर त्यांनी एखाद्या पापड-उद्योजिकेला गाठायला हवं होतं. माझ्याकडे यश नाही असं नाही, चांगलं टाळ्या मिळालेलं यश आहे. पण तेच आज घशाखाली उतरत नाही. म्हणून तेवढंच लिहिते. छापायचं की नाही ते त्यांनी ठरवावं.

मी समुपदेशक. लातूरला ही पाटी लावली तेव्हा गल्लीतल्या अर्ध्या लोकांना वाटलं मी विम्याचं काम करते आणि उरलेल्यांना वाटलं लग्नं जमवते. त्याआधी नांदेडला एका दवाखान्यात बरीच वर्षं काढली होती. मग यजमानांची बदली झाली आणि लातूरला दोन खोल्या भाड्यानं घेऊन स्वतःचं काम सुरू केलं. पन्नाशी उलटल्यावर पुण्यात एका शिबिरात एक नवी पद्धत शिकले आणि पुढे निवृत्त होईपर्यंत तीच वापरली.

ही पद्धत सांगायला सोपी आहे. माणूस आतून एकटा नसतो, आत एक भरलेलं घर असतं. त्यात सगळ्यांना धाकात ठेवणारा एक कारभारी असतो, एक सदा चिडलेला असतो, एक 'लोक काय म्हणतील' म्हणून दाराआडून बघणारा असतो. आणि एखादं घाबरलेलं पोर असतं, त्याला आतल्या खोलीत कोंडून बाकीचे पाहुण्यांसमोर हसत बसतात. आम्ही या एकेकाला बोलावतो आणि त्याचं ऐकून घेतो. नियम एकच, कुणालाही हाकलायचं नाही. जो सगळ्यात जास्त छळतो तोही कशाची तरी राखण करत असतो. कशाची, ते त्यालाच विचारायचं. त्याची भीती गेली की तो आपणहून राखण सोडतो.

पुण्यात यासाठी रंगीत उशा होत्या. या उशीवर बसलात की चिडलेल्या भागाच्या तोंडून बोलायचं, त्या उशीवर बसलात की घाबरलेल्याच्या. आमच्याकडे उशीवर बसलं की गळू होतं हे लहान पोरालाही ठाऊक, त्यामुळे कोणी टेकेना. खुर्च्या मांडल्या, तर सासऱ्यासमोर सून खुर्चीवर बसेना. शेवटी सुताराकडून सहा पाट करून घेतले. पाटावर बसायला कुणाची हरकत नव्हती, फक्त दोघीजणींनी जेवण कधी आहे असं विचारलं.

एकट्यानं यायची पद्धतही आमच्याकडे नाही. उदगीरचे एक अडत व्यापारी रागापायी रक्तदाब वाढला म्हणून आले, ते मुनीमजींना घेऊनच. चिडलेल्या भागाचा पाट दाखवला तर म्हणाले, "तिथं ह्याला बसवा. माझा राग माझ्यापेक्षा ह्यालाच जास्त ठावं हाय." मुनीमजी बसले आणि वीस वर्षांत शेटजींनी केलेला सगळा आरडाओरडा शेटजींच्याच आवाजात त्यांना ऐकवला. शेटजी घामाघूम झाले. त्यांचा रक्तदाब उतरला की नाही माहीत नाही, पण मुनीमजींचा नक्की उतरला असणार.

एका सासूबाईंनी सुनेला आणलं. म्हणाल्या, "हिच्यातला उलट बोलणारा तेवढा काढून घ्या, बाकीची लई गुणाची हाय." किनवटकडच्या एका निवासी शाळेच्या बाईंनी एक मुलगी आणली. तिचं रडणं थांबवून हवं होतं, कशासाठी रडते ते मात्र ऐकायचं नव्हतं. एव्हाना माझ्या लक्षात आलं होतं की माझ्या दारात येणाऱ्या प्रत्येकाला कुणाला तरी गप्प करून हवं असतं. मी मोठ्या तोऱ्यात सांगायची, इथे कोणाला गप्प केलं जात नाही. ते माझं ब्रीदवाक्यच होतं म्हणा ना.

आता मिलिंद. हे त्याचं खरं नाव नाही. लिहू का, असं मी त्याला विचारलं होतं. "लिवा, पर गावाचं आन् तालुक्याचं नाव नका घालू," एवढंच तो म्हणाला.

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं तो उन्हाळा. नळाला पाणी कधी आलं होतं हे लोक विसरले होते. ठरलेल्या वेळा पाळल्या जात नव्हत्या. "म्याडम, आज टँकर आलाय, मनाचं पुढल्या आठवड्यात बघू," असे फोन यायचे आणि त्यात काही चूक नव्हती. आलेल्या माणसाला मी पेलाभर पाणी द्यायची, ते अर्ध्यावर आणलं होतं. त्याच दिवसांत नव्या जिल्ह्याचीही हवा होती. लातूर फोडून उदगीर जिल्हा होणार, नांदेड फोडून किनवट होणार, चहाच्या टपरीवर जो तो बोटानं नकाशे काढत बसलेला. प्यायला पाणी नव्हतं, पण मुख्यालय कुठे असावं यावर माणसं हातघाईवर येत होती.

मिलिंद ग्रामसेवक होता, चौतीस-पस्तीसचा. घरात सरकारी नोकरी लागलेला पहिलाच. बायको सुजाता बरोबर होती, माहेर शिरूर अनंतपाळचं. तिनंच दोन डॉक्टरांच्या तपासण्यांचे कागद पिशवीतून काढून माझ्यासमोर ठेवले. कशातच काही सापडलं नव्हतं.

"हात आखडायलाय, म्याडम," मिलिंद म्हणाला. "जेवताना चालतो. गाडी चालवताना चालतो. पोरीच्या वहीवर नाव घालतो तवा चालतो. दप्तरातल्या एका कागदावर सही कराया गेलं की मनगटापासून लाकूड होतो. पेन गळून पडतो."

मी पाट मांडले आणि हात अडवणाऱ्याला बोलू दे म्हटलं. तो उठलाच.

"हे अंगात आल्यावानी होतंय. आमच्यात न्हाई हे. आज्यानं छप्पनला धम्म घेतला तवाच हे सगळं सोडलं."

मी समजावलं, बाहेरून कोणी येत नाही. सगळे तुझेच आहेत, तूच बोलणार आहेस.

"म्हंजे सगळं घरचंच," तो थोडा विचार करून म्हणाला. "मग चालतंय."

पहिला पाट नोकरी सांभाळणाऱ्याचा. तो धडाधड बोलला. गावाला पिण्याच्या पाण्यासाठी शासनानं एक खाजगी विहीर ताब्यात घेतली होती. विहिरीचा मालक एका पुढाऱ्याचा सोयरा. त्याला दरमहा मोबदला सुरू होता. विहीर मात्र चैत्रातच आटली. आता ग्रामसेवकानं 'विहीर कोरडी' असं लिहिलं तर मोबदला बंद आणि गावाला टँकर चालू. 'पाणी पुरेसं आहे' असं लिहिलं तर मोबदला चालू आणि टँकर नाही. वरच्या साहेबांना दुसरं हवं होतं. साहेब रागावून नाही, प्रेमानंच म्हणाले होते, "नवा जिल्हा झाला की नवी पदं निघतेत. तुझं नाव मी लावणार हाय. एका कागदापायी आडवा नको येऊस."

म्हणजे मला सगळं पहिल्याच दिवशी कळलं होतं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे अनेकांना मी 'मला कल्पना नव्हती' असं सांगितलं. ते खोटं आहे. मला विहीर कळली होती, सोयरा कळला होता, कागद कळला होता. मी मनाशी म्हटलं, बाहेरचं बाहेरच्यांनी बघावं, आपलं काम आतलं.

तिसऱ्या भेटीत हात अडवणारा बोलला. मिलिंद त्या पाटावर बसला तो गुडघे पोटाशी घेऊनच. मी विचारलं, तू किती वर्षांचा?

"नऊ."

"हात का धरतोस मिलिंदचा?"

त्यानं स्वतःचंच मनगट मुठीत धरलं. मग बोलला, आणि आवाज खरंच पातळ झाला होता. "आय घागर घेऊन दुपारधरनं उभी होती. आमी आडाच्या कट्ट्याखाली थांबायचं, वरून कुणी ओतलं तर घ्यायचं. वरची बाई म्हणली, आज पाणी न्हाई. मी खडा टाकून बघितला. डुबुक वाजलं. पाणी होतं. मी सांगाया लागलो तर आय म्हणली, गप. मी गप बसलो." मग मान वर करून थेट माझ्याकडे बघितलं. "तवा पाणी असून न्हाई म्हणले. आता न्हाई, तर हाय म्हणून लिव म्हणतेत. मी लिवू देणार न्हाई."

सुजाता कोपऱ्यात बसली होती. "हे मला कधी सांगितलं न्हाई ह्यांनी," एवढं म्हणून तिनं पदर तोंडाला लावला.

इतका शहाणा भाग मी आयुष्यात पाहिला नव्हता. एवढं सगळं त्याला कळत होतं आणि एवढ्या मोठ्या कचेरीविरुद्ध तो एकटा एक मनगट धरून बसला होता. त्या क्षणी मी म्हणायला हवं होतं, "मिलिंद, तुझ्या हाताला काही झालेलं नाही. बिघाड कागदात आहे." मला वाटेनं जाता-येता भेटणाऱ्या एक बाई होत्या, त्यांचे यजमान जिल्ह्याच्या कचेरीत मोठ्या जागेवर होते. मिलिंदला विचारून मी त्यांच्या कानावर घालू शकले असते. मी घातलं नाही. गोपनीयता हे कारण मी स्वतःला दिलं. खरं कारण असं की माझ्यासमोर नऊ वर्षांचं पोर आलं होतं आणि अशा पोराचं काय करायचं ते मला शिबिरात उत्तम शिकवलेलं होतं. ते करून बघायला माझे हात शिवशिवत होते.

शिकवलेलं असं. अशा मुलाला त्या जुन्या जागेवरून बाहेर काढायचं. मोठ्या झालेल्या माणसानं त्याच्याजवळ जायचं, त्याचं ऐकलं म्हणून सांगायचं, बोट धरून घरी आणायचं. मिलिंदनं डोळे मिटून ते सगळं केलं. हुंदके देऊन रडला. मग मी विचारलं, हे ओझं कुठे सोडायचंय? वाऱ्यात, मातीत, की पाण्यात?

"पाण्याचं नाव नका घेऊ, म्याडम," तो रडता रडता म्हणाला. त्यानं ते मातीत पुरलं.

मग मी त्या मुलाला विचारलं, आता हात सोडशील का? तुला दुसरं काय करायला आवडेल?

"खेळाया," तो म्हणाला. आणि लगेच विचारलं, "मंग सही कोण अडवणार?"

"ते आता मोठ्या मिलिंदवर सोड. तो समर्थ आहे."

"नक्की?"

"नक्की."

ही हमी मी कुणाच्या भरवशावर दिली ते अजून मला सांगता येत नाही. मोठ्या मिलिंदला मी विचारलंही नव्हतं.

चौथ्या भेटीत त्यानं माझ्या वहीवर सही केली. एका दमात, खाली दोन टिंबं देऊन. सुजातानं डोळे पुसले. पुढच्या आठवड्यात पेढ्यांचा पुडा आला. मी ही केस लिहून काढली आणि पुण्याला ही पद्धत वापरणाऱ्यांच्या मेळाव्यात वाचली. चार बैठकांत आखडलेला हात मोकळा, म्हणून टाळ्या पडल्या. प्रश्नोत्तरांत मागच्या रांगेतल्या एका वयस्क बाईंनी विचारलं, "त्या विहिरीचं पुढे काय झालं?" मी म्हणाले, "तो आपला विषय नाही." थोडे लोक हसले. मीही हसले.

विहिरीचं पुढे असं झालं. मिलिंदनं सही केली. टँकर आला नाही. तळाशी घागरभर गढूळ पाणी पाझरायचं, त्यासाठी बाया दोर धरून आत उतरायला लागल्या. त्यांत गयाबाई होती. अंगणवाडीत मदतनीस, मिलिंद गावात गेला की त्याला न मागता चहा करून द्यायची. एका सकाळी ती खाली असताना वरून दरड सुटली. तिला बाहेर काढलं तेव्हा काही उरलं नव्हतं. फोन सुजातानं केला. तिनं एवढंच सांगितलं आणि ठेवून दिला, मला बोलायला तिनं जागाच ठेवली नाही.

चौकशी झाली. कागद काढला गेला. कागदावर विहिरीत पाणी पुरेसं होतं. म्हणजे बाई पाणी भरताना तोल जाऊन पडली, असा निष्कर्ष निघाला. साहेबांनी मिलिंदच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "तुझा अहवाल होता म्हणून निभावलं." गयाबाई गेली त्याच्या तिसऱ्याच दिवशी टँकर सुरू झाला होता. नवा जिल्हा काही झाला नाही, पण मिलिंदचं नाव बढतीच्या यादीत लागलं.

त्यानंतर मी आणखी काही वर्षं काम केलं. एक बदल केला. कुठल्याही अडवणाऱ्या भागाशी गोड बोलायच्या आधी मी विचारायला लागले, हा जे सांगतोय ते खरं तर नाही ना? खरं असेल तर मी पाट मांडायची नाही. सरळ सांगायची, तुम्ही आजारी नाही, आता काय करायचं ते तुम्ही आणि तुमचा साहेब बघा. किती तरी लोक नाराज होऊन गेले, माझं नाव थोडं कमी झालं. ते व्हायलाच हवं होतं. पण गयाबाईला त्याचा काय उपयोग?

हे सगळं नंतरचं. त्याआधी, चौकशी संपल्यावर, मिलिंद पाचव्यांदा आला. या वेळी एकटाच. दाराशी चप्पल काढताना म्हणाला, "त्या पोराला परत बोलवा, म्याडम."

मी काही बोलायच्या आत तो स्वतःच त्या पोराच्या पाटावर जाऊन बसला. गुडघे पोटाशी घेतले. मी विचारलं, तू आहेस का? उत्तर आलं नाही. पुन्हा विचारलं. रस्त्यावर पाण्यासाठी बायांचं भांडण चाललं होतं, तेवढंच ऐकू येत होतं. मला शिकवलं होतं तेवढं सगळं करून पाहिलं. पाऊण तास गेला असेल.

"कुणी न्हाई हितं," तो शेवटी त्याच्या मोठ्या आवाजात म्हणाला. "तुम्ही त्याला घरी आणलाव ना. तो खेळायलाय. त्याला आता कशाची फिकीर न्हाई."

मी म्हणाले, "मिलिंद, माझी चूक झाली."

"तुम्ही त्याला म्हणलाव, मोठ्यावर सोड. त्यानं सोडलं." तो खाली बघत होता. "मोठा भित्रा निघाला, म्याडम. सायबानं कागद पुढं केला आन् मी खाली बघून सही ठोकली. हात धरणारं कुणी नव्हतंच."

मग पुढे सरकून बसला. "माझा हात पुन्हा आखडून द्या."

मी त्या सहा पाटांकडे बघितलं.

"येतंय का तुमाला? न्हाई येत तर तसं सांगा."

"नाही येत," मी म्हणाले.

त्यानं कोरा कागद मागितला. मी वही दिली, पेन दिलं. त्यानं सही केली आणि थांबून हाताकडे बघितलं. खाली आणखी एक केली. मग आणखी एक. दोन्ही बाजूंनी पान भरलं, त्यानं पुढचं उलटलं. प्रत्येक सहीआधी तो पेन टेकवून जरा थांबायचा, मनगटाकडे बघायचा, वाट बघायचा. मी समोर बसून होते. एकही सही अडली नाही.